तासगाव ते चिपळूण: एका मिनी ट्रॅक्टरचं वजन

द्राक्षबागांची एप्रिल छाटणी उरकली की आमच्या तासगाव भागात जुन्या मिनी ट्रॅक्टरांचे सौदे सुरू होतात. कुणाला औषध फवारायचा मोठा ब्लोअर घ्यायचा असतो, कुणाची बाग वाढलेली असते, म्हणून छोटा ट्रॅक्टर काढायचा असतो. माझं औजारांचं वर्कशॉप असल्यामुळे असे ट्रॅक्टर बघायला लोक मला सोबत नेतात. एका वर्षी मे महिन्यात चिपळूण तालुक्यातल्या माझ्या मामांनी असाच एक ट्रॅक्टर घेतला. भातशेतीच्या चिखलणीसाठी त्यांना तो हवा होता. पॉवर टिलरच्या मागे दिवसभर गुडघाभर चिखलात चालणं आता त्यांना झेपत नव्हतं.

यंत्र चांगलं होतं. चारही चाकांना जोर, इंजिन कोरडं, क्लच नुकताच घातलेला. सौदा अर्ध्या तासात झाला. मग प्रश्न आला तो न्यायचा कसा. तासगावहून कराड, पाटण, हेळवाक आणि पुढे कुंभार्ली घाट उतरून पोफळी, चिपळूण. दीडशे किलोमीटरच्या आसपास वाट, आणि शेवटचा टप्पा घाटाचा.

मी विकणाऱ्या तात्यांना वजन विचारलं. "आठशे किलू असंल बघा. छोट्या हत्तीत बी जातंय की," तात्या म्हणाले. त्यांच्या बोलण्यात फसवणूक नव्हती. ते चार वर्षं तो ट्रॅक्टर चालवत होते, पण तोलायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती. सगळ्यांच्या डोक्यात मिनी ट्रॅक्टर म्हटलं की सात-आठशे किलो हा आकडा पक्का बसलेला असतो. तो आला कुठून, कुणालाच सांगता येत नाही.

काही जण अश्वशक्तीवरून वजन ठरवतात. तेही फसवं आहे. 15 अश्वशक्तीचा स्वराज 717 साधारण 850 किलोचा आहे आणि 24 अश्वशक्तीचा कुबोटा निओस्टार बी2441 जेमतेम 630 किलोचा. ताकद जास्त आणि वजन कमी. इंजिनची घडण, गिअरबॉक्सचं ओतकाम, चाकांचा आकार यांवर वजन ठरतं. बॉनेटवरचा आकडा बघून काही कळत नाही.

आरसी बुकात रिकामं वजन 870 किलो लिहिलेलं होतं. कंपनीच्या पुस्तिकेतही तोच आकडा, आणि खाली बारीक अक्षरात टीप होती की हे वजन इंधन, जादा वजनं आणि औजार सोडून आहे. ती टीप कुणी वाचत नाही. आमच्या समोर उभा असलेला ट्रॅक्टर पुस्तिकेतला नव्हता. तो चार वर्षं बागेत राबलेला होता आणि या चार वर्षांत त्याच्या अंगावर बरंच काही चढलं होतं.

मी खडू घेतला आणि वर्कशॉपच्या पत्र्यावर बेरीज मांडली. पुढे बंपरखाली ओतीव लोखंडाची चार वजनं होती, प्रत्येकावर 20 कोरलेलं. मागे ब्लोअर उचलला की पुढची चाकं हलकी होतात, म्हणून बागायतदार ती लावतात. 80 किलो. वर पत्र्याचं छत वेल्ड करून बसवलेलं, अंदाजे 40. बंपर कंपनीचा नव्हता, जाड पाइपाचा करून घेतलेला, 35. डिझेलची टाकी भरलेली, 25 लिटर. लिटरला साधारण 830 ग्रॅम धरलं तर 20 किलोच्या वर. सोबत माती फिरवून भुसभुशीत करणारा एक मीटरचा छोटा रोटाव्हेटर दांड्यासकट, 190.

आणि टायरमधलं पाणी. मामांना हे माहीतच नव्हतं. ओल्या बागेत चाक फिरू नये म्हणून आमच्याकडे मागच्या टायरांत पाणी भरतात. बाहेरून काही दिसत नाही. ओळखायची रीत सोपी आहे. हातोडीच्या दांड्याने टायरवर वरून खाली ठोकत यायचं. हवा असते तिथे आवाज पोकळ येतो आणि पाण्याच्या पातळीला आला की एकदम बसका होतो. खात्री करायची तर जॅक लावून चाक असं फिरवायचं की व्हॉल्व खाली येईल, आणि पिन थोडी दाबायची. मी दाबली तशी गंजाच्या रंगाची, रबराचा वास मारणारी बारीक धार मामांच्या पायजम्यावर उडाली. "अरे, ह्याच्यात पाणी काय म्हणून?" मामा दचकून मागे सरले.

पाणी किती, याचा हिशोबही करता येतो. टायर होता 8.3-20. म्हणजे रुंदी 8.3 इंच, रिम 20 इंच. पोटाचा छेद धरला सुमारे 270 चौरस सेंटिमीटर, आणि त्या पोटाच्या मधून जाणारा घेर साधारण 215 सेंटिमीटर. गुणाकार केला तर 58 लिटर. पाणी भरतात ते व्हॉल्व वर ठेवून, तीन चतुर्थांश. म्हणजे एका टायरला 43 ते 45 लिटर, दोन्ही मिळून 90 किलोच्या आसपास.

बेरीज आली 1,325. तात्यांच्या आकड्यापेक्षा सव्वापाचशे किलो जास्त, आणि आरसीतल्या आकड्याच्या दीडपट.

मामांच्या चुलतभावाचा मुलगा चिपळूणहून आपला 45 अश्वशक्तीचा ट्रॅक्टर आणि दोन चाकी ट्रॉली घेऊन यायला तयार होता. भाडं वाचणार होतं, म्हणून मामांचं मन त्याच योजनेवर होतं. मी त्यांना समोर बसवून आकडे दाखवले, कारण नुसतं "नको" म्हटलं असतं तर त्यांनी ऐकलं नसतं.

रिकामी ट्रॉली साधारण 1,400 किलोची. तिच्यावर हा ट्रॅक्टर चढवला आणि बांधायचं सामान धरलं की 2,800 किलो. ओढणारा ट्रॅक्टर 1,900 किलोचा. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेक नसतात, या ट्रॉलीलाही नव्हता. म्हणजे घाटात थांबवायचं सगळं काम पुढच्या ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांवर. पंधरा मीटरला एक मीटर असा उतार धरला आणि ताशी 30 किलोमीटर वेगातून वळणावर पंधरा मीटरांत थांबायची वेळ आली, तर ट्रॉली हुकातून ट्रॅक्टरला जवळजवळ साडेआठशे किलोचा रेटा देणार. वळणावर तो रेटा सरळ लागत नाही, तिरका लागतो. ट्रॅक्टरचं बूड बाजूला ढकललं जातं आणि ट्रॉली व ट्रॅक्टर चाकूसारखे मिटतात. तात्यांचा आठशेचा आकडा खरा धरला असता तर हाच रेटा सातशेच्या खाली आला असता आणि कुणीतरी म्हणालं असतं, जाईल हळूहळू. चुकीच्या वजनाचा धोका असा असतो. त्यावर मांडलेलं पुढचं सगळं गणित बरोबर असतं आणि तरी उत्तर चुकतं.

दोर किंवा लोखंडी दांडी लावून मिनी ट्रॅक्टर चाकांवरच ओढत न्यायचं कुणीतरी सुचवलं. रस्त्यावर बंद पडलेलं वाहन जवळच्या गॅरेजपर्यंत ओढायची मुभा असते, धडधाकट ट्रॅक्टर दीडशे किलोमीटर ओढत न्यायची नसते. तो विषय तिथेच मिटला.

राहिली पिकअप. कराडचा एक ओळखीचा गाडीवाला होता. त्याच्या गाडीच्या आरसीत रिकामं वजन 1,750 आणि भरलेलं 3,450. म्हणजे 1,700 किलोची क्षमता. "दादा, तेराशे किलो म्हणजे काहीच नाही, मी याच्यापेक्षा जास्त टोमॅटो नेतो," तो म्हणाला. मी म्हटलं, काट्यावर घालू, मग बोलू. थोडा नाराज झाला, पण आला.

आमच्या गावाबाहेर 60 टनी भुईकाटा आहे, 10 किलोच्या टप्प्याने आकडा दाखवणारा. उसाच्या हंगामात तिथे रांग असते, मे महिन्यात शुकशुकाट. आधी रिकामी पिकअप चढवली, चालक बसलेला, टाकी भरलेली. 1,900 किलो. कागदापेक्षा दीडशे जास्त. हौद्यावर त्याने भाजीच्या क्रेटसाठी लोखंडी पिंजरा करून घेतला होता, मागे स्प्रिंगचे जादा पाटे बसवले होते, दोन स्टेपनी होत्या. जे ट्रॅक्टरचं झालं होतं तेच पिकअपचंही झालं होतं. 3,450 मधून 1,900 वजा करा, जागा उरते 1,550 किलोची. सतराशेची नाही.

मग ट्रॅक्टर, रोटाव्हेटर उचललेल्या अवस्थेत, माणूस खाली उतरवून. 1,350. माझ्या बेरजेत 25 किलो कमी होते. वाळलेला चिखल, हुकाच्या जागी वेल्ड केलेली जाड पट्टी, टूलबॉक्समधल्या पान्यांची गर्दी, यातच ते गेले असावेत. काटा नसता तरी ही बेरीज घेऊन निघायला माझी हरकत नव्हती, पण त्यावर शंभर किलो चढवूनच.

नंतर मी ट्रॅक्टर मागे घेतला आणि फक्त पुढची चाकं काट्यावर ठेवली. काट्यावरच्या पोराने विचारलं, आता हे कशाला? आकडा आला 430. म्हणजे मागच्या चाकांवर 920. हे एक वजन जास्तीचं घ्यायला दोन मिनिटं लागतात आणि त्यातून कळतं की सगळं वजन नेमकं कुठे तोललेलं आहे. पुढच्या आणि मागच्या आसातलं अंतर टेपने मोजलं, 1.55 मीटर. 430 भागिले 1,350, गुणिले 1.55. आलं 49 सेंटिमीटर. म्हणजे ट्रॅक्टरचा तोल मागच्या आसाच्या पुढे फक्त 49 सेंटिमीटरवर होता. मागे टांगलेल्या रोटाव्हेटरने तो तिथवर खेचला होता.

आता पिकअपवर मांडून बघू. हौदा नऊ फुटी, 2.75 मीटर. ट्रॅक्टर तोंड केबिनकडे करून पुरता आत ढकलला तर त्याचा मागचा आस हौद्याच्या पुढच्या भिंतीपासून 2.20 मीटरवर येत होता. मागच्या टायरच्या मागे जेमतेम चार बोटं जागा, आणि रोटाव्हेटर फाळक्याच्या बाहेर तीन फूट लटकणार. तोल येत होता भिंतीपासून 1.71 मीटरवर. आणि पिकअपचा मागचा आस? मी खाली वाकून मोजला, 1.55 मीटरवर. म्हणजे सगळं ओझं गाडीच्या मागच्या आसाच्याही 16 सेंटिमीटर मागे. तराजूसारखं पुढचं टोक उचललं जाणार. गाडीच्या दोन आसांतलं अंतर 3.15 मीटर धरलं तर पुढच्या चाकांवरून जवळपास 70 किलो वजन कमी होणार होतं. माल भरलेली गाडी आणि स्टिअरिंग मात्र रिकाम्या गाडीपेक्षा हलकं. कुंभार्लीच्या वळणांवर असं स्टिअरिंग हातात असू नये, एवढं गाडीवाल्यालाही लगेच पटलं. त्याने स्वतःच सांगितलं की एकदा मागे जास्त माल पडला तेव्हा गाडी वळणावर सरळच जाऊ बघत होती.

एकूण वजनाचंही बघा. ट्रॅक्टर 1,350, मामांनी इथेच घेतलेली चिखलणीची लोखंडी चाकं 70, फळ्या आणि साखळ्या 60, केबिनमध्ये मामा स्वतः 70. बेरीज 1,550. जागाही 1,550. कागदावर बसत होतं, एक किलोही शिल्लक न ठेवता. मोटार वाहन कायद्यात जादा भारासाठी 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000 रुपये दंड आहे, आणि आम्ही त्याच्या बरोबर काठावर उभे होतो. पण खरं सांगायचं तर दंडापेक्षा मला त्या 16 सेंटिमीटरांची धास्ती जास्त होती.

तोडगा सोपा निघाला. रोटाव्हेटर आणि लोखंडी चाकं काढून चिपळूणला जाणाऱ्या मालट्रकने वेगळी पाठवायची. मामांना हे आधी अवघड वाटलं. "सगळं एकदम गेलं असतं तर बरं होतं रे." पण हमाली धरूनही खर्च फार नव्हता. टायरमधलं पाणी काढलं. व्हॉल्व खाली आणून पिन काढली आणि धार बादलीत धरली. पंधरा लिटरच्या तीन बादल्या एका टायरमधून, तिसरी थोडी उणी. तळाशी तीन-चार लिटर राहिलं ते निघत नाही, तसंच सोडलं. माझा हिशोब दोन-तीन लिटरने चुकला, एवढं चालतं.

परत काट्यावर. एकूण 1,080, पुढच्या चाकांवर 550. वजन 270 किलोने उतरलं आणि पुढच्या चाकांवरचं 120 किलोने वाढलं. मामांना हे खरं वाटेना, आपण तर फक्त काढलं, पुढे काही ठेवलं नाही! रोटाव्हेटर मागच्या आसाच्या एक मीटर मागे लटकून पुढचं टोक उचलून धरत होता. तो गेल्यावर पुढची चाकं आपल्या मूळ वजनावर बसली. आता तोल मागच्या आसापुढे 79 सेंटिमीटरवर आला, आणि हौद्यात ट्रॅक्टर त्याच जागी उभा केला तरी ओझं पिकअपच्या मागच्या आसाच्या 14 सेंटिमीटर पुढे पडत होतं. तिथेच ते पाहिजे होतं.

चढवताना फळ्या वापरल्याच नाहीत, त्या फक्त अडचणीसाठी सोबत होत्या. आमच्याकडे ओढ्याकाठी एक उंच बांध आहे. पिकअप खालच्या अंगाला लावली की हौदा बांधाच्या पातळीला येतो आणि ट्रॅक्टर सपाटावरून आत जातो. तिरप्या फळीवरून पुढे तोंड करून चढवताना पुढची चाकं उचलली जातात आणि ट्रॅक्टर मागे उलटतो. असे अपघात वाचलेले आहेत, एक पाहिलेलाही आहे. बांध मिळत असेल तर फळीच्या वाटेला जाऊ नये.

बांधणीचं गणितही वजनावरच उभं असतं. युरोप-अमेरिकेत माल बांधायच्या नियमांत पुढच्या दिशेला मालाच्या वजनाच्या 80 टक्के आणि बाजूला व मागे 50 टक्के ओढ धरतात. 1,080 च्या 80 टक्के म्हणजे सुमारे 860 किलो. आठशेच्या समजुतीने बांधलं असतं तर आपण 640 किलोसाठीच बांधलं असतं. आम्ही एक-एक टन पेलणाऱ्या चार साखळ्या घेतल्या, दोन मागच्या आसाच्या नळ्यांवरून, दोन पुढच्या आसावरून, चारही कोपऱ्यांकडे तिरप्या. छताला, स्टिअरिंगला किंवा टायरला काहीही बांधलं नाही. टायरवरून बांधलेला दोर टायर दबला की ढिला पडतो. चाकांच्या पुढेमागे लाकडी ठोकळे खिळ्यांनी हौद्याच्या फळीला ठोकले, गिअर टाकला, ब्रेक लॉक केला. भरलेली गाडी पुन्हा काट्यावर घातली, मामांना खाली उभं करून. 3,040. पावती मी आरसीच्या पाकिटात ठेवली.

पहाटे चारला निघाले. वीस किलोमीटरवर थांबून साखळ्या पुन्हा ताणायला सांगितलं होतं, कारण पहिल्या अर्ध्या तासात सगळं बसतं आणि साखळी हमखास सैल होते. मामांचा फोन आला, दोन साखळ्यांना एक-एक कडी आवळावी लागली. हेळवाकला चहा, मग घाट. गाडीवाल्याने घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरवला आणि पोफळीला थांबून मागच्या ड्रमवर हात धरला. गरम होता, पण हात ठेवता येत होता.

कंपनीची पुस्तिका हरवली असेल तर आणखी एक जागा आहे, तीही सांगून ठेवतो. मध्य प्रदेशात बुदनीला केंद्र सरकारची शेती यंत्रांची चाचणी संस्था आहे. तिथे तपासलेल्या ट्रॅक्टरांच्या अहवालात पुढच्या आणि मागच्या आसावरचं वजन वेगवेगळं छापलेलं असतं, जादा वजनं लावून आणि न लावता. मी जुना ट्रॅक्टर बघायला गेलो की आधी तो अहवाल शोधतो आणि मग अंगावर काय चढलंय ते मोजायला लागतो.

रोटाव्हेटर दोन दिवसांनी पोचला. पहिला पाऊस झाल्यावर मामांनी फोन करून विचारलं, टायरमध्ये पाणी परत किती भरू? मी म्हटलं, मामा, थेंबही नको. बागेतली जमीन कडक, तिथे चाकाला पकड लागते. तुमच्या खाचरात वजन वाढलं की ट्रॅक्टर रुतेल, लोखंडी चाकं लावलीत ना, तेवढं पुरे. पुढच्या चार वजनांतली दोन ठेवा, दोन काढा. काढलेली दोन त्यांनी गोठ्याच्या फाटकाला टांगली आहेत. फाटक आपोआप मिटतं, म्हणतात.